फॉरमॅट बदलून द्या, पण 'स्टुडिओ क्वालिटी' विकू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या साउंड स्टुडिओचं दरपत्रक कसं बनवायचं ते पाहिलं. त्यातला एक मुद्दा वेळेअभावी घाईत उरकला गेला, म्हणून तो इथे नीट लिहितो. हा मुद्दा फक्त साउंडवाल्यांचा नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, प्रचाराच्या रिक्षासाठी जाहिराती रेकॉर्ड करणारे, जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारे, या सगळ्यांच्या दुकानात तो येतोच.

ग्राहक एमपी थ्री फाईल घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, ही स्टुडिओच्या फॉरमॅटमध्ये करून द्या." बटण दाबलं की काम होतं. आणि मग कितीतरी दरपत्रकांवर या कामाला नाव दिलेलं असतं 'एचडी कन्व्हर्जन', 'स्टुडिओ क्वालिटी', नाहीतर 'मास्टर क्वालिटी'.

माझं स्पष्ट मत सांगतो. हे शब्द दरपत्रकावरून आजच खोडा. फॉरमॅट बदलून देणं हे खरं काम आहे, त्याचे पैसे बिनदिक्कत घ्या. पण क्वालिटी वाढवून दिली म्हणून पैसे घेऊ नका, कारण ती वाढलेली नसते. का नसते, तरीही हे काम का लागतं, आणि पैसे मग नेमके कशाचे घ्यायचे, हे एकेक करून बघू.

एमपी थ्री होताना जातं काय?

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक माप १६ बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. हाच आवाज १२८ किलोबिटच्या एमपी थ्रीमध्ये मिनिटाला एक एमबीच्याही आत बसतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा या पद्धतीत मोठा वाटा होता, आणि फाईलच्या नावामागचं 'एमपी थ्री' हे शेपूट त्यांनी १९९५ साली ठरवलं. तेव्हाचं इंटरनेट इतकं मंद होतं की एवढी बचत झाल्याशिवाय गाणं पाठवणं परवडलंच नसतं.

ही बचत होते कशी? आपल्या कानाच्या एका सवयीचा फायदा घेऊन. मिरवणुकीत ढोल-ताशा ऐन भरात असताना शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळत नाही. त्याचा आवाज हवेत असतो, पण ढोल तो झाकून टाकतो. एमपी थ्री असे झाकले जाणारे आवाज शोधतं, आणि एक तर ते टाकून देतं किंवा ढोबळ करून ठेवतं. बिटरेट जितका कमी, तितकी ही छाटणी जास्त. १२८ किलोबिटच्या फाईलमध्ये साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापलेलं असतं. झांजेची चमक, श्वासाची हवा यांतला काही भाग त्या वरच्या पट्ट्यात असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. जे टाकलं ते फाईलमध्ये कुठे लपवून ठेवलेलं नसतं. एमपी थ्री म्हणजे झिप फाईल नव्हे. झिप उघडली की आतला कागद जसाच्या तसा हातात येतो. एमपी थ्री उघडली की छाटणीतून जे उरलं तेवढंच मिळतं.

ग्राहकाला सांगायला झेरॉक्सचं उदाहरण सोपं पडतं. पुसट झेरॉक्स घेऊन कुणी आलं आणि आपण ती जाड, महागड्या बॉण्ड पेपरवर पुन्हा काढून दिली, तर कागद भारी होईल, अक्षर पुसटच राहील. एमपी थ्रीची वेव्ह फाईल करणं म्हणजे हाच बॉण्ड पेपर.

हिशेबच बघा. पाच मिनिटांचं गाणं १२८ किलोबिटच्या एमपी थ्रीमध्ये ४.८ एमबीचं असतं. तेच ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह केलं तर ८६.४ एमबी होतं. फाईल अठरा पट फुगली. आवाजात भर किती पडली? शून्य.

मग कन्व्हर्ट करायचं तरी कशाला?

कारण त्याचा खरा फायदा वेगळा आहे. आवाज सुधारणं हा नाही, आवाजाचा पुढचा तोटा थांबवणं हा.

एमपी थ्री उघडली, थोडी कापली, आवाज कमी-जास्त केला आणि पुन्हा एमपी थ्री म्हणून सेव्ह केली, की छाटणी परत होते. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने बदल सांगितला, पुन्हा उघडली, पुन्हा सेव्ह केली, की तिसऱ्यांदा छाटणी. प्रचाराच्या जाहिरातींत हे सर्रास होतं. उमेदवाराच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला, एकाने त्याची एमपी थ्री केली, दुसऱ्याने खाली संगीत टाकून आणखी एक एमपी थ्री केली, आणि चौकात रिक्षा पोचेपर्यंत 'विकास'मधला 'स' शिट्टीसारखा वाजायला लागतो.

म्हणून नियम असा: आलेली फाईल एकदाच उघडायची, वेव्ह किंवा एआयएफएफ करून घ्यायची, सगळं एडिटिंग त्यात करायचं, आणि शेवटी लागली तरच एकदा एमपी थ्री काढायची. एमपी थ्रीवरून थेट काम करू न देण्यामागे स्टुडिओवाल्यांचं एक कारण हे असतं.

दुसरं कारण वेळेच्या जुळणीचं. एमपी थ्री बनताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. नुसतं गाणं ऐकताना ती जाणवतही नाही. पण तीच फाईल व्हिडिओला किंवा दुसऱ्या ट्रॅकला जोडायची असेल, तर सुरुवातीचा ठोका तपासून जागेवर आणावा लागतो. हे बटणाचं काम नाही. माणसाने कान आणि डोळे लावून करायचं काम आहे, आणि तुमच्या मेहनतान्याचा हक्क इथून सुरू होतो.

एसडी टू नावाचा जुना पाहुणा

बहुतेक वेळा स्टुडिओला वेव्ह हवी असते. पण अधूनमधून एखाद्या जुन्या स्टुडिओकडून, किंवा जुनं सेशन पुन्हा उघडणाऱ्या इंजिनिअरकडून मागणी येते: एसडी टू द्या. म्हणजे साउंड डिझायनर टू. नवीन मुलांनी हे नाव ऐकलेलंही नसतं, म्हणून थोडं सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या डिजिडिझाइन कंपनीने १९८५ च्या सुमारास मॅकिंटॉशसाठी साउंड डिझायनर हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर आणलं. पुढे याच कंपनीने १९९१ मध्ये प्रो टूल्स आणलं, आणि १९९५ मध्ये कंपनी अ‍ॅव्हिडच्या पंखाखाली गेली. मॅकवरच्या प्रो टूल्समध्ये कितीतरी वर्षं एसडी टू हाच रोजच्या वापरातला फॉरमॅट होता. त्या काळातल्या स्टुडिओंच्या कपाटांत आजही अशा फाईलींच्या हार्ड डिस्क पडून आहेत.

या फॉरमॅटची गंमत म्हणा की खोड म्हणा, ती त्याच्या रचनेत आहे. जुन्या मॅकवर एका फाईलचे दोन भाग असायचे. एका भागात प्रत्यक्ष माल, दुसऱ्या भागात त्या मालाबद्दलची चिठ्ठी. या दुसऱ्या भागाला रिसोर्स फोर्क म्हणतात. एसडी टूमध्ये आवाज पहिल्या भागात असतो, आणि सॅम्पल रेट किती, बिट किती, चॅनल किती, ही माहिती त्या चिठ्ठीत. वेव्ह फाईलमध्ये ही माहिती आवाजाच्याच पोटात असते, त्यामुळे ती कुठेही न्या, सोबत जाते. एसडी टूची चिठ्ठी मात्र वाटेत पडू शकते.

पडते कशी? मॅकवरून साध्या पेन ड्राइव्हवर कॉपी केली की चिठ्ठी वेगळ्या छोट्या फाईलमध्ये जाते. तिचं नाव टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ती बघतो, 'काय हा कचरा' म्हणतो आणि डिलीट करतो. संपलं. आवाज शाबूत आहे, पण तो कसा वाजवायचा ते सांगणारं कुणी नाही.

मग अंदाज सुरू होतात. ४४,१०० हर्ट्झची फाईल ४८,००० म्हणून वाजवली तर दहा मिनिटांचं भाषण साधारण नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतं, आणि बोलणाऱ्याचा आवाज वर चढतो. गाणं असेल तर पट्टी जवळजवळ दीड सेमीटोनने बदलते. पेटीवाल्याला लगेच कळेल, बाकीच्यांना नुसतं 'काहीतरी चुकतंय' एवढंच वाटत राहील. अशी फाईल वाचवता येते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून आत घ्यायची आणि बिट, चॅनल, सॅम्पल रेट हाताने भरायचे. पण योग्य आकडे कळेपर्यंत अर्धा दिवस जाऊ शकतो.

म्हणून एसडी टूची मागणी आली की माझा सल्ला तीन वाक्यांचा.

एक, आधी स्टुडिओला फोन करून विचारा, "वेव्ह किंवा एआयएफएफ चालेल का?" पुष्कळदा चालतं. मागणीचा कागद जुना असतो आणि तोच पुढे सरकत आलेला असतो.

दोन, एसडी टूच हवी असेल तर सॅम्पल रेट, बिट आणि स्टिरिओची मांडणी लेखी मागून घ्या. प्रो टूल्समध्ये एसडी टू ४८,००० हर्ट्झच्या वर चालत नसे. आणि जुन्या प्रो टूल्सला स्टिरिओ आवाज एका फाईलमध्ये नको असायचा. डाव्याची एक आणि उजव्याची एक, अशा दोन फाईली लागायच्या.

तीन, देताना मॅकवरच डिस्क इमेजमध्ये बांधून द्या, सोबत तोच आवाज वेव्हमध्येही द्या, आणि सगळे आकडे एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवा. चिठ्ठी हरवली तरी दुसरी चिठ्ठी हवी.

आणि एक आग्रहाचं सांगणं. जुनं सेशन उघडायला एसडी टू लागली तर करा, पण आज नवीन संग्रह या फॉरमॅटमध्ये साठवू नका. जो फॉरमॅट वाचणारी सॉफ्टवेअर दरवर्षी कमी होतायत, त्यात ग्राहकाचा ठेवा ठेवणं म्हणजे बंद पडत चाललेल्या पतपेढीत मुदत ठेव ठेवणं.

"ग्राहकाला कुठे कळतंय?"

हा प्रश्न हमखास येतो. काहीजण सरळ म्हणतात, "सर, ग्राहकालाच 'एचडी' शब्द हवा असतो. आपण नाही म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जातो. शेजारचा तेच बटण दाबून दुप्पट पैसे घेतो."

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. धंद्यात शेजारी असतोच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, ग्राहकाला कळत नसलं तरी ग्राहकाच्या पुढच्या माणसाला कळतं. फाईल पुढे एखाद्या साउंड इंजिनिअरकडे जाणार असते. तो स्पेक्ट्रोग्राम उघडतो, म्हणजे आवाजाचा नकाशा. १६,००० हर्ट्झच्या वर सगळं काळं आणि तिथे सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली की त्याला कळतं, ही वेव्ह नावाची एमपी थ्री आहे. तो ग्राहकाला विचारतो, "ही कुणी करून दिली?" त्या उत्तरात तुमच्या दुकानाचं नाव असतं. पुढच्या वेळी तो ग्राहक येत नाही, आणि का आला नाही हे तुम्हाला सांगायलाही येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'मास्टर क्वालिटी' हा शब्द ऐकून ग्राहक मूळ गोष्ट टाकून देतो. समजा, गावातल्या भजनी मंडळाने पंधरा वर्षांपूर्वी कॅसेटवरून एमपी थ्री करून घेतली होती. आता ते ती 'स्टुडिओ क्वालिटी' करून घ्यायला येतात. मूळ कॅसेट अजून बुवांच्या घरी, लोखंडी पेटीत आहे. तुम्ही दीडशे एमबीची फाईल दिलीत, 'मास्टर' म्हणालात. घरच्यांनी ती कॅसेट भंगारात दिली. त्या कॅसेटवर बुवांच्या वडिलांचा आवाज होता, आणि तो एमपी थ्रीपेक्षा कितीतरी पूर्ण होता. एका शब्दामुळे तो कायमचा गेला. शेजारच्याने दुप्पट पैसे घेतले, हे नुकसान त्याच्यापुढे काहीच नाही.

काहीजण म्हणतील, आता एआयची साधनं आहेत, ती गेलेला आवाज परत आणतात. परत आणत नाहीत. काय असू शकेल याचा अंदाज बांधून नवीन आवाज तयार करतात. कधी कधी ऐकायला छान वाटतं, बोलणं स्पष्ट करायला उपयोगही होतो. ती सेवा जरूर द्या, पण तिचं नाव 'आवाज सुधारणा' असू द्या, आणि ग्राहकाला सांगा की हा मूळ आवाज नाही. जुना फोटो रंगवून दिला म्हणून कुणी मूळ कृष्णधवल फोटो फाडत नाही.

सगळ्यात आधी मूळ मागा

म्हणून फाईल हातात आली की पहिला प्रश्न हा: "काका, हे मूळ कशावर होतं?" कॅसेट आहे का, सीडी आहे का, रेकॉर्ड केलेला फोन अजून चालू आहे का, ज्याने मिक्सिंग केलं त्याच्याकडे सेशन आहे का?

मूळ मिळालं तर तुमचं काम आणि बिल दोन्ही मोठं होतं, आणि तेही प्रामाणिकपणे. कॅसेट असेल तर चांगल्या डेकवरून ४८,००० हर्ट्झ, २४ बिटवर उतरवा. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांच्या आयएएसए या संघटनेची शिफारसही किमान इतकीच आहे. कॅसेट ग्राहकाला परत द्या आणि जपून ठेवायला सांगा.

आवाज व्हॉट्सअ‍ॅपवरच मागवावा लागला, तर फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की ती जशी आहे तशीच पोचते. माइकचं बटण दाबून पाठवलेला आवाज वेगळ्या फॉरमॅटमध्ये दाबून येतो.

मग पैसे कशाचे घ्यायचे?

एमबीवर दर लावू नका. बटणावर लावू नका. केलेल्या कामावर लावा. दरपत्रकात या चार ओळी ठेवून बघा:

१. तपासणी: आलेली फाईल कोणत्या दर्जाची आहे ते ऐकून आणि नकाशावर बघून सांगणं.

२. फॉरमॅट बदल: स्टुडिओने मागितलेल्या सॅम्पल रेट आणि बिटमध्ये, सुरुवात जुळवून, आवाज फुटत नाही ना हे बघून. एमपी थ्री उघडताना काही टोकं मर्यादेच्या वर जाऊ शकतात, म्हणून आधी लेव्हल थोडी खाली घ्यावी लागते. हे काम कुणी फुकट का करावं?

३. मूळावरून नव्याने उतरवणं: कॅसेट किंवा सीडीवरून. दर मिनिटांवर, कारण साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते.

४. आवाज सुधारणा: ऐच्छिक. मूळ फाईल वेगळी ठेवूनच.

ग्राहकाला पाठवायचा मेसेजही लिहून देतो. हवा तसा बदलून घ्या:

"नमस्कार सर. तुमची फाईल तपासली. ती एमपी थ्री आहे, म्हणजे आवाजाचा काही भाग आधीच कमी झालेला आहे. आम्ही ती स्टुडिओला हवी तशी करून देऊ, त्यामुळे एडिटिंग करताना आणखी नुकसान होणार नाही. पण आवाज आहे त्यापेक्षा चांगला होणार नाही. मूळ कॅसेट, सीडी किंवा रेकॉर्डिंग असेल तर आधी ते दाखवा, त्यावरून जास्त चांगलं काम होईल. आणि काहीही झालं तरी मूळ टाकून देऊ नका."

हा मेसेज पाठवला तर काही ग्राहक जातील, हे मी आधीच सांगतो. पण जे थांबतील ते तुमचा शब्द धरून थांबतील, आणि पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येतील. छोट्या गावात जाहिरात याहून वेगळी नसते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचं दरपत्रक समोर घ्या. त्यात 'एचडी', 'मास्टर', 'स्टुडिओ क्वालिटी' हे शब्द जिथे असतील तिथे लाल पेनने गोल करा. प्रत्येक गोलासमोर लिहा, मी इथे नेमकं काय काम करतो? उत्तर लिहिता आलं तर तेच उत्तर त्या ओळीचं नवीन नाव. उत्तर लिहिता आलं नाही तर ती ओळ काढून टाका.

शनिवारच्या व्हिडिओत मिनिटावरचा दर कसा काढायचा ते बघू. त्याआधी हे लाल गोल करून ठेवा.